देणं वरच्या खोलीचं

मी उज्जैनची निवृत्त संस्कृत शिक्षिका. सत्तरी गाठली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि मला जपानी शाळांमधल्या प्रेमकथांच्या ॲनिमे मालिका बघायला आवडतात. हे नातेवाइकांत बोलले की आधी सगळे गप्प होतात, मग कोणीतरी ‘या वयात विरंगुळा हवाच’ असं म्हणून मला सावरून घेतं. विरंगुळा नाही हो. मी या मालिका उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा बघते. बऱ्याच नापास करते, काही काठावर सोडते, एखादीच विशेष प्रावीण्यात जाते. ही नजर मला ज्याने दिली तो माझा विद्यार्थी नव्हता आणि नात्यातलाही नव्हता. नानाखेड्याच्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारा तो भाडेकरू होता. मूळ बऱ्हाणपूरचा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नाव लिहीत नाही. त्याला ते आवडायचं नाही.

नानाखेडा म्हणजे उज्जैनची इंदूर रस्त्याकडची बाजू. बसस्टँड, स्टेडियम, मॉल, आणि 2022 साली ‘महाकाल लोक’ हा मंदिर परिसर झाल्यापासून हॉटेलंच हॉटेलं. गावातल्या जुन्या मराठी घरांचं मूळ त्या काळात आहे, जेव्हा शिंद्यांची राजधानी उज्जैनला होती. 1810 मध्ये दौलतराव ती ग्वाल्हेरला घेऊन गेले, माणसं मात्र इथेच राहिली. आमचं घरही पूर्वी गोपाळ मंदिराच्या बाजूला होतं. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं ते मंदिर. वाटण्या झाल्यावर आम्ही दोघं नानाखेड्याला आलो, वर एक खोली काढली आणि ती विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला लागलो. ‘हे’ गेल्यावर मी एकटी राहिले. वर पोरं बदलत राहिली. जिन्यावरून ‘काकू, पाणी आलं का?’ एवढाच त्यांच्याशी संबंध.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि हा बऱ्हाणपूरचा मुलगा वरच अडकला. बाकीची पोरं होळीला गेली ती परतली नाहीत. याचा प्रोजेक्ट राहिला होता म्हणून हा थांबला, आणि मग बसस्टँडच बंद. महाकालाचं दर्शन बंद, मेस बंद. ज्या रस्त्यावर रात्री दोनलाही इंदूरच्या गाड्यांचे हॉर्न वाजायचे, तिथे कुत्रीसुद्धा कमी भुंकायला लागली. एप्रिलमध्ये उज्जैनच्या बातम्या वाईट होत्या. मी त्याला जिन्यातून हाक मारली आणि सांगितलं, दोन्ही वेळचं खाली जेवायचं, भाड्याचं नंतर बघू. वडील लूमवर कामाला होते, लूम थांबलेले. त्याने मान खाली घालून ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला उभा राहिला तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

28 मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं होतं. रात्रीचा भाग आम्ही दोघं बघायचो. भाग संपला की घर अंगावर यायचं. मी फोन हातात घेऊन बसायची, कुठून काय कळेल सांगता यायचं नाही. एका रात्री तो लॅपटॉप घेऊनच जेवायला आला. म्हणाला, “काकू, एक गोष्ट दाखवू? शाळेची आहे. तुम्ही तर जन्मभर शाळेतच होत्या.”

ती गोष्ट होती ‘तोराडोरा!’. ऑक्टोबर 2008 ते मार्च 2009 या काळात जपानी टीव्हीवर झालेली, 25 भागांची. मूळ कादंबऱ्या युयुको ताकेमियांच्या. उपशीर्षकं इंग्रजीत, भराभर पळणारी, आणि माझा चष्मा जुना. दोन-तीन मिनिटांत मी हार मानली. तेव्हा तो सगळं मराठीत सांगायला लागला. मुलीचं वाक्य मुलीसारखं, मास्तरांचं मास्तरांसारखं. त्याच्या बऱ्हाणपुरी मराठीत ‘ण’ जवळजवळ नाहीच, आणि दर चौथा शब्द हिंदी. “आता हा बोलनार काकू… बोलनार… नाही बोलला.” हे ‘नाही बोलला’ त्याने त्या दोन महिन्यांत इतक्या वेळा म्हटलं, की पुढे भाजीवाल्याने उत्तर दिलं नाही तरी मला तेच आठवायचं.

‘तोराडोरा!’चा नायक ऱ्यूजी. डोळे असे की रस्त्यात पाहिलं तर पाकीट सांभाळावं, आणि जीव मात्र घर लख्ख ठेवण्यात. काडीला फडकं गुंडाळून तो फटींमधला मळ काढतो. आई रात्री बारमध्ये कामाला, म्हणून स्वयंपाक त्याच्याकडे. शेजारच्या इमारतीत एकटी राहणारी ताइगा, वर्गातली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तापट. तिला त्याचा मित्र आवडतो, त्याला तिची मैत्रीण आवडते, म्हणून एकमेकांना मदत करायचं ठरतं. पुढे काय होणार हे मला तिसऱ्या भागात कळलं. तरी मी रोज रात्री बसत होते, कारण मला ऱ्यूजीच्या फ्रिजमध्ये काय आहे हे ठाऊक होतं. आमच्या सिनेमातले नायक गातात, मारामाऱ्या करतात. उद्याच्या डब्याला भाजी काय करायची याचा विचार करणारा नायक मी सत्तरीकडे झुकताना पहिल्यांदा पाहिला. ताइगावर त्याचं प्रेम आहे हे त्याला स्वतःला कळण्याच्या कितीतरी आधीपासून तिच्यासाठी भात जास्तीचा लागत असतो.

इथे माझं संस्कृत जागं झालं.

विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार आहेत: पूर्वराग, मान, प्रवास, करुण. पूर्वराग म्हणजे भेट होण्याआधीचं प्रेम. मन गेलेलं आहे, पण अजून काही घडलेलं नाही. बारावीच्या मुलांकडून मी हे वर्षानुवर्षं लिहवून घेतलं, दोन गुणांचा प्रश्न म्हणून. पाठ करायचं, लिहायचं, पुढे. शाळेतल्या प्रेमाच्या या जपानी मालिका म्हणजे त्या पहिल्या प्रकाराचा शेतभर विस्तार आहे. जी अवस्था आमचे कवी एका अंकात आटोपतात, तिच्यावर हे लोक बारा, कधी पंचवीस भाग थांबतात. जपानमध्ये टीव्हीचं वर्ष तीन-तीन महिन्यांत विभागलेलं असतं. आठवड्याला एक भाग, म्हणून एका पर्वाचे साधारण बारा-तेरा भाग. म्हणजे एका ऋतूएवढा पूर्वराग.

आणि सात्त्विक भाव! स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. नाट्यशास्त्राने नटाला सांगितलं की हे आठ खोटे आणता येत नाहीत, मन तिथे असलं तरच शरीरावर उमटतात. नटाला हे कठीण. चित्रकाराला एक रेघ पुरते. गालावर बारीक रेषा ओढल्या की वैवर्ण्य, कपाळाच्या कडेला थेंब काढला की स्वेद. मला सुरुवातीला तो थेंब पोरकट वाटला. आठवडाभराने मी लॅपटॉपकडे बोट दाखवून “वेपथु!” असं ओरडत होते आणि तो हसून लोळत होता. मग त्याला ‘अवहित्थ’ सांगितलं. तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक. मनातलं लपवण्यासाठी भलतंच काहीतरी करणं. तो म्हणाला, “काकू, म्हनजे हे अख्खं ॲनिमे अवहित्थवर चालतं.” बरोबर होतं त्याचं.

त्याच रात्री की दुसऱ्या, मी कपाटातून कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ काढलं. शकुंतला पहिल्या अंकाच्या शेवटी निघते. राजाकडे वळून बघायचं आहे, पण मैत्रिणी आहेत, लाज आहे. मग पायात दर्भ टोचल्याचं निमित्त करते, वल्कल फांदीत अडकल्याचं निमित्त करते. राजा रविवर्म्याच्या चित्रामुळे ते वळणं घराघरांत माहीत आहे. तिसऱ्या अंकात ती कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिते. मी श्लोक म्हणत होते आणि अर्थ सांगत होते, म्हणजे उपशीर्षकं आता माझ्याकडे होती. तो मांडी घालून ऐकत होता. दर्भाच्या निमित्तावर त्याने हात आपटला. “हे तर पक्कं ॲनिमे आहे, काकू!”

उज्जयिनीसाठी मेघाला वाट वाकडी करून यायला लावणारा कवी. त्याच्या गावात मी जन्मभर त्याला शिकवलं, आणि त्याला मिळालेली सगळ्यांत खरी दाद मला लॉकडाऊनमध्ये, माझ्याच स्वयंपाकघरात, यंत्र अभियांत्रिकीच्या एका पोराकडून ऐकायला मिळाली. हे माझं पहिलं देणं.

शाकुंतल वाचताना एक गोष्ट सहज डोळ्यांआड होते. प्रियंवदा आणि अनसूया नसत्या तर ते नाटक दोन दिवसांत आटोपलं असतं. भुंगा आला तेव्हा थट्टा करणाऱ्या त्या, पत्र लिहायला लावणाऱ्या त्या, दुर्वासाचा शाप ऐकून धावणारी प्रियंवदा. ‘किमी नि तोदोके’ बघताना मला हे लक्षात आलं. करुहो शीनांची ही चित्रकथा, ॲनिमे 2009 सालचं. सावाको ही मुलगी भुताच्या सिनेमातल्या भुतासारखी दिसते, लांब काळे केस आणि हसता न येणं, म्हणून वर्ग तिला घाबरतो. ती शाळेच्या फुलझाडांना पाणी घालते, परीक्षेआधी इतरांसाठी टिपणं काढते, रोज एक चांगलं काम करायचा तिचा नेम आहे. काझेहाया नावाचा लाडका मुलगा तिच्याशी साधं बोलतो. इथे कोणीही सरळ प्रेमाची गोष्ट सुरू केली असती. पण पहिल्या भागांतला मोठा प्रश्न वेगळाच आहे. आयाने आणि चिझुरू या दोघींना सावाको आपली मैत्रीण मानते, त्या तिला मानतात का? ‘मैत्रीण’ म्हणायची परवानगी कोणाकडून घ्यायची असते? मी त्या ठिकाणी रडले, आणि नायक तेव्हा समोर नव्हताच. प्रेमाची कबुली तर थेट दुसऱ्या पर्वात, 2011 मध्ये. तोवर “नाही बोलला” किती वेळा झालं ते विचारू नका.

तेव्हापासून माझी एक कसोटी आहे. नायक-नायिका दोघंही त्या खोलीत नसताना मालिका बघावीशी वाटते का? वाटत असेल तर पुढे जा.

जाता जाता उज्जैनच्या दुसऱ्या एका शाळेबद्दल. मंगळनाथ रस्त्यावर सांदीपनींचा आश्रम आहे. कृष्ण, बलराम, सुदामा तिथे शिकले असं सांगतात. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून कृष्ण परत गेला. मी पोराला म्हटलं, बघ, जगातला सगळ्यांत प्रसिद्ध प्रेमिक आमच्या गावच्या शाळेत होता आणि इथे त्याची एकही प्रेमकथा नाही, फक्त सुदाम्याशी मैत्री आणि लाकडं वेचणं. तो म्हणाला, “चौसष्ट दिवसांत चौसष्ट! म्हनजे क्रॅश कोर्स होता.” मग जरा थांबून, “आमचंपन तसंच.”

हळूहळू जे बाहेर आलं ते असं. दहावीनंतर घरच्यांनी त्याला बाहेरगावी कोचिंगला ठेवलं. शाळेत नुसतं नाव, हजेरी कोणीतरी लावायचं. अकरावी-बारावीची दोन वर्षं पलंग, टेबल, टेस्ट, आणि रविवारी पुन्हा टेस्ट. स्नेहसंमेलन नाही, सहल नाही, वर्गात मुली होत्या पण शेजारी कोण बसतं हे दर आठवड्याच्या गुणांवर ठरायचं. “आमच्याकडे हायस्कूल होतच नाही, काकू. दहावी होते आनि मग डायरेक्ट एन्ट्रन्स होते.”

हे मला शाळेच्या बाजूने ठाऊक होतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अकरावी-बारावीचे वर्ग पटावर भरलेले आणि बाकांवर रिकामे असायचे. वैकल्पिक संस्कृतला तर मोजून पोरं. आमची मुलं या मालिकांत काय बघतात हे मला त्या रात्री समजलं. मुलगी नव्हे, मुलगा नव्हे. आधी शाळा बघतात. सुटल्यावरही जिथे थांबावंसं वाटतं अशी शाळा. जपानी शाळेत वर्ग मुलं स्वतः झाडतात, गटागटाने पाळी लागते. धावण्याचा, चित्रकलेचा, वाद्यांचा क्लब असतो. वार्षिक उत्सवाला वर्गाचं चहाचं दुकान होतं आणि बाकं सरकवून रात्रीपर्यंत कागदाच्या माळा लावत बसतात. एप्रिलला वर्ष सुरू होतं, मार्चला निरोप. कथेला वेगळं काही शोधावं लागत नाही, वेळापत्रकच कथा पुढे नेतं. चांगली मालिका ते वेळापत्रक मनापासून वापरते. झाडूची पाळी कोणाबरोबर आली यावरून एक अख्खा भाग होतो आणि कंटाळा येत नाही.

जपानी मुलांनाही प्रवेशपरीक्षा असतात, हे तो मला समजावत राहायचा, जपान म्हणजे स्वर्ग नाही काकू. त्यासाठी त्याने ‘त्सुकी गा किरेई’ लावली. 2017 ची, बारा भाग. कोणत्या चित्रकथेवरून घेतलेली नाही, थेट टीव्हीसाठी लिहिलेली, म्हणून तिला शेवट आहे. यात हायस्कूलसुद्धा नाही, त्याआधीचं शेवटचं वर्ष, आपली नववी. गाव कावागोए, टोकियोजवळचं, जुन्या वखारींचं. कोतारोला लेखक व्हायचंय, आकाने धावते. पहिल्या भागात दोन्ही घरची मंडळी योगायोगाने एकाच हॉटेलात जेवायला येतात. आई-वडिलांदेखत वर्गातली मुलगी समोर येणं ही जी आफत आहे, ती इतकी नेमकी मी कुठे पाहिली नव्हती. आकाने घाबरली की हातातलं कापडी रताळं कुस्करते. कोतारो आनंद झाला की खोलीतल्या दिव्याच्या दोरीला ठोसे मारतो. संवाद जेमतेम. बोलतात ते फोनवर संदेश लिहून, लिहितात, पुसतात. सहलीत मास्तर कोतारोचा फोन जप्त करतात आणि दोघांची क्योटोत चुकामूक होते. तिथे पोराने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मास्तर बरोबर आहेत.” आजही माझं मत तेच आहे. नियम खरा असला तरच त्याने घातलेला अडथळा खरा वाटतो.

मराठी वाचकाला नववी म्हटलं की मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आठवणार. 2004 ची कादंबरी, आणीबाणीतला वर्ग, जोशी आणि शिरोडकर. 2012 मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. मी पोराला ती वाचायला दिली. त्याने दोन दिवसांत संपवली आणि विचारलं, “पुढचं पर्व?” पुढचं पर्व नाही म्हटल्यावर फार नाराज झाला. आपल्याकडे शाळेवर हात फिरला की एक उत्तम पुस्तक होतं आणि मग सगळे पुन्हा मोठ्या माणसांकडे वळतात. जपानमध्ये या वयासाठी मासिकं निघतात आणि त्यांच्यातल्या कथांवर दर ऋतूला नव्या मालिका येतात. त्यामुळे त्यांच्याकडे कचराही ढिगाने आहे.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. मुलगा अडखळून मुलीच्या अंगावर पडतो आणि हा विनोद मानला जातो, ती मालिका तिथेच बंद. एक ढिम्म मुलगा आणि पाच मुली त्याच्या मागे, बंद. आई-वडील परदेशी बदली होऊन गेलेत म्हणून घर मोकळं, काठावर. आणि सगळ्यांत राग येतो तो लांबवण्याचा. बारा भाग घालवून शेवटी फटाके वाजतात, त्या आवाजात कबुली ऐकू जात नाही, आणि उरलेलं चित्रकथेत वाचा! संकोचामुळे न बोलणं आणि विक्रीसाठी न बोलू देणं यातला फरक बघणाऱ्याला कळतो. ‘तोराडोरा!’ सुखरूप सुटली, कारण कादंबऱ्यांचा दहावा आणि शेवटचा खंड आणि मालिकेचा शेवटचा भाग दोन्ही मार्च 2009 मध्येच आले. कथेचा शेवट हाताशी होता.

1 एप्रिल 2020 ला नेटफ्लिक्सवर जिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांचा तिसरा गट आला. त्यात ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ होता. पोराकडे 199 रुपयांचा मोबाइलवरचा प्लॅन, म्हणून आम्ही तो फोनवर पाहिला, फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून. 1995 चा चित्रपट, दिग्दर्शक योशिफुमी कोंदो. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकच पूर्ण लांबीचा चित्रपट. 1998 मध्ये ते गेले. शिझुकू वाचनालयातून पुस्तकं आणते आणि प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर तिच्या आधी एकाच मुलाचं नाव असतं. तिला तो मुलगा आधी आवडतो तो वाचक म्हणून. भेटल्यावर कळतं, त्याला व्हायोलिन करायला शिकायचंय आणि त्यासाठी तो इटलीत क्रेमोनाला जाणार आहे. तेव्हा ती रडत बसत नाही. मलाही काहीतरी करता आलं पाहिजे म्हणून कथा लिहायला बसते, गुण घसरतात, आई-वडील स्वयंपाकघराच्या टेबलाशी तिला बसवून विचारतात. बाप थोडा विचार करतो आणि करून बघ म्हणतो. फ्लॅट छोटा, टेबलावर पसारा, आई स्वतः परत शिकते आहे. आमच्या पिढीने या प्रसंगासाठी काय दिलं असतं!

आणि शेवटचा चढ. तो तिला सायकलवर मागे बसवून टेकडी चढतो आहे, दमतो आहे. ती उतरते आणि मागून सायकल ढकलायला लागते. पोराने हे भाषांतर केलंच नाही. मी विचारलं, ती काय म्हणाली? तो म्हणाला, “दिसतंय की काकू.”

मे महिन्याच्या शेवटी त्याला प्रवासाचा पास मिळाला आणि मामाच्या गाडीतून तो बऱ्हाणपूरला गेला. खोली झाडून, फरशी पुसून, गॅसची नळी तपासून गेला. टेबलावर एक वही ठेवली होती. त्यात मालिकांची नावं देवनागरीत, आणि पुढे शेरे: ‘बघा’, ‘सब्र ठेवून बघा’, ‘पहिले सहा भागच’, ‘काकूंना आवडनार नाही’. पुढे परीक्षा ऑनलाइन झाली, पुण्याला नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्याने त्या महिन्यांचं सगळं भाडं मला एकदम पाठवलं. माझ्या बहिणीने परत करायला सांगितलं. मी ठेवून घेतलं. त्याच्या वडिलांच्या घरातली ती रीत होती, ती मोडायचा मला अधिकार नव्हता. पण जे मी त्याला देणं लागते ते कोणत्याच खात्यात भरता येत नाही. त्या एप्रिलमध्ये रोज रात्री, फोन वाजेल या भीतीऐवजी, आज तरी हा बोलणार का या काळजीत मी झोपायला जात होते.

पुढचं आमचं चाललं ते फोनवर. 2021 ची ‘होरिमिया’ त्याने पाठवली. त्यात कबुली लवकर होते आणि मग खरी गंमत सुरू होते. पण तेरा भागांत अख्खी चित्रकथा कोंबल्यामुळे ती धावते. काठावर नाही, पण प्रावीण्यही नाही. 2023 ची ‘स्किप अँड लोफर’ मीच त्याला सांगितली, याचा मला अभिमान आहे. नोतो भागातल्या समुद्रकाठच्या खेड्यातली मित्सुमी टोकियोत आत्याकडे राहून शिकायला येते, पुढे अधिकारी होऊन गावाचं भलं करायचं पक्कं ठरवून, आणि पहिल्याच दिवशी ओकते. प्रेम त्यात कुठे आहे हे शोधावं लागतं. खेड्यातून शहरात आलेली मुलगी ज्या जिद्दीने वाट चुकते ते बघण्यासारखं आहे. 1 जानेवारी 2024 ला त्याच नोतोला मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना एकाच वेळी फोन लावला, म्हणून दोघांचेही लागेनात. ऑगस्ट 2024 मध्ये ‘किमी नि तोदोके’चं तिसरं पर्व आलं, दुसऱ्यानंतर तेरा वर्षांनी. मी सावाकोला भेटले आणि मग त्याला कळवलं, मुलगी सुखात आहे.

आता एकटीने बघताना एक अडचण आहे. इंग्रजी वाचता येतं, नवा चष्माही आहे, पण कानात मराठी लागत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी ‘त्सुकी गा किरेई’ची मराठी उपशीर्षकं वहीत उतरवते आहे, भाग थांबवून थांबवून. ‘ण’ मी माझा ठेवला आहे. कॉलनीतल्या बायकांना दर शनिवारी एक भाग दाखवते आणि मोठ्याने वाचते. दोघींनी येणं सोडलं, चौघी टिकल्या आहेत, आणि त्यातली एक आता भाजी निवडता निवडता ‘नाही बोलला’ म्हणते.

या मालिका हिंदी, तमिळ, तेलुगूत बोलायला लागल्या आहेत. मराठीत कोणी रीतसर उपशीर्षकं करणार असेल, प्रकाशक, वाहिनी, कॉलेजचा एखादा गट, तर त्यांनी नानाखेड्याला कळवावं. भाषा तपासून देईन, शुद्धलेखन बघून देईन, पैसे घेणार नाही. पहिल्या मालिकेच्या श्रेयनामावलीत बऱ्हाणपूरच्या एका मुलाचं नाव घालायचं, एवढी एकच अट आहे. ते नाव मी तेव्हा त्याला विचारून सांगेन.